शाही लग्नाचं पॅकेज: ठाण्यात भाड्यानं मिळणारा थाट किती खरा, किती कामाचा

घोडबंदर रोडवरचं लॉन असो, नौपाड्यातलं जुनं मंगल कार्यालय असो की वाशी-नेरूळचा एसी हॉल, बुकिंगच्या टेबलावर हल्ली एक जाडजूड अल्बम हमखास पुढे येतो. ‘पेशवाई थाट’, ‘राजेशाही विवाह’, ‘रॉयल वेडिंग’. नावं निराळी, आतला माल साधारण एकच: स्टेजवर सोनेरी सिंहासन, वधूसाठी पालखी, दोन तुताऱ्या, चार-सहा भालदार-चोपदार, अब्दागिऱ्या (मिरवणुकीतल्या शोभेच्या छत्र्या), मशाली, करवल्यांना नऊवारी, वऱ्हाडाला फेटे आणि मुहूर्ताआधी धुरातून वधू-वरांची ‘एंट्री’. हे परीक्षण कुठल्या एका दुकानाचं नाही. ठाणे आणि नवी मुंबई या दोन शहरांत या नावाखाली जे विकलं जातं त्याचं आहे. निकाल आधीच सांगतो. कपडे आणि सनई-चौघडा घ्या, पालखी हॉल बघून ठरवा, सिंहासन आणि धूर सोडून द्या. आणि खऱ्या राजघराण्यांतली लग्नं जिच्या जोरावर पार पडली ती यादी कुठल्याच पॅकेजात नसते, ती स्वतः करावी लागते.

दर मुहूर्तागणिक बदलतात, त्यामुळे इथे आकडे देण्यात अर्थ नाही. बिल कसं फुगतं ते कळलं की पुरे. पॅकेज विकणाऱ्याकडे स्वतःचं सामान बहुधा थोडंच असतं. कपडे एकाकडून येतात, सेट दुसऱ्याकडून, तुतारीवाले तिसरीकडून, ‘मावळे’ म्हणून उभी राहणारी मुलं चौथ्याकडून. एकाला उशीर झाला की चौघांची साखळी अडते आणि तुमच्याशी बोलायला समोर एकच माणूस असतो, जो ‘निघालाय, रस्त्यात आहे’ एवढंच सांगू शकतो. म्हणून ठरवताना प्रत्येक बाबीपुढे तीन गोष्टी लिहून घ्या: सामान हॉलवर किती वाजता पोचणार, लावणारी माणसं किती, आणि परत कधी नेणार. हॉलच्या पॅनलबाहेरचा डेकोरेटर आणला तर हॉलवाले रॉयल्टी लावतात. ती कोणी भरायची हेही त्याच कागदावर असू द्या.

आता कपडे. इथे ठाणं खरंच चांगलं आहे. मराठी नाटकांचं आणि शाळा-सोसायट्यांच्या स्नेहसंमेलनांचं गाव असल्यामुळे ड्रेसवाल्यांचा धंदा इथे मुरलेला आहे. फेट्यांत सुती किंवा कोटा (हलकं, जाळीदार विणीचं कापड) मागा. पूर्ण लांबीचा फेटा आठ-नऊ मीटरचा असतो. चकचकीत पॉलिस्टर फोटोत झळकतं, पण वेढ्यावर वेढा धरत नाही आणि तासाभरात घेरा कानावर येतो. सरावाचा बांधणारा एका डोक्याला तीन-चार मिनिटं घेतो. म्हणजे शंभर फेट्यांना एकट्याला पाच ते साडेसहा तास, दोघांना अडीच ते सव्वातीन. पॅकेजात ‘१०० फेटे’ ठळक छापलेलं असतं, बांधणारे किती ते नसतं. सकाळचा मुहूर्त असेल तर चार माणसं मागा, नाहीतर अक्षता पडल्या तरी मुलाचे काका रांगेतच. शेमला, म्हणजे फेट्याचं मागे सोडलेलं टोक, कमरेखाली सोडू देऊ नका. माणूस खुर्चीत बसताना शेमल्यावरच बसतो आणि उठताना अख्खा फेटा मागे ओढला जातो. नवऱ्याच्या मुंडावळ्या फेट्यावरून नुसत्या बांधल्या तर होमासमोर वाकताना सरळ डोळ्यांवर येतात. दोन्ही बाजूंना, कानाच्या वर, एकेक टाका किंवा पिन घालून त्या फेट्यालाच धरून ठेवायच्या.

शिवलेली नऊवारी भाड्यानं घेताना बहुतेक जणी आरशासमोर उभ्या राहून बघतात. उभं राहून ती सगळ्यांनाच छान दिसते. ती उसवते बसताना. मांडी घालून पाटावर बसून बघा, मग उकिडवं बसून, मग जिना चढून. कासोट्याची मागची शिवण आणि दोन पायांमधला जोड तिथेच ताणतो. शिवण एकेरी असेल तर परत द्या, दुहेरी टीप आणि आतून पट्टी असलेली मागा. माप देताना कंबर आणि उंची एवढंच विचारतात. नितंबाचा घेर आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची लांबी तुम्ही होऊन सांगा. घोट्याच्या खाली आलेली नऊवारी सप्तपदीला पायात येते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, त्यामुळे खरी नेसवलेली नऊवारी जड पडते हे कबूल. पण नेसवणारी बाई मिळत असेल तर नवरीला नेसवलेलीच घ्या. सैल झाली तर जागच्या जागी पुन्हा खोचता येते. शिवलेली उसवली की सुई-दोरा शोधत फिरावं लागतं.

नवऱ्याच्या अंगरख्याचं कापड उलटून बघा. बाहेर मखमल किंवा ब्रोकेड आणि आत पॉलिस्टरचं अस्तर, असा अंगरखा मे महिन्यात होमापुढे तासभर घालणं ही शिक्षा आहे. सुती अस्तराचे अंगरखे मिळतात, पण मागावे लागतात.

काळाची भेसळ हा या पॅकेजांचा कायमचा रोग. ‘पेशवाई’ म्हणून नवऱ्याच्या डोक्यावर पुणेरी पगडी देतात. ती आपल्याला ठाऊक आहे ती रानडे-टिळकांच्या डोक्यावरची, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतरची. २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. दिसायला ती देखणीच आहे, खुशाल घाला, फक्त ‘अस्सल पेशवेकालीन’ म्हणून तिचे जास्तीचे पैसे मोजू नका. त्याहून गमतीची ती ‘बाजीराव-मस्तानी थीम’. १७२९मध्ये बाजीराव छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात धावून गेला आणि त्यानंतर मस्तानी पुण्यात आली, पण पेशव्यांच्या घरानं तिला सून म्हणून कधी मानलं नाही. ती नजरकैदेत होती आणि १७४०मध्ये बाजीरावापाठोपाठ गेली. सासरच्यांनी अखेरपर्यंत न स्वीकारलेलं नातं लग्नाची थीम म्हणून निवडायचं आणि वर दोन्हीकडच्या विहिणींना एकत्र नाचवायचं, हे धाडसच म्हणायचं. बाजीरावाची लग्नाची बायको काशीबाई, त्या अल्बममध्ये कुठे नसतातच.

‘छत्रपती एंट्री’ हा प्रकार मात्र सरळ नाकारावा. जिरेटोप घालून, मेघडंबरीच्या, म्हणजे सिंहासनावरच्या छताच्या, फायबरच्या प्रतिकृतीत बसून नवरा-नवरी पाकिटं घेतात. पाहुण्यांतल्या निम्म्यांना ते खटकतं आणि तोंडावर कोणी बोलत नाही. राजमुद्रा छापलेल्या नॅपकिनांचं जेवणानंतर काय होतं ते हॉलच्या मागच्या दारी जाऊन बघावं. शिवाजी महाराजांच्या लग्नांबद्दल काही दाखवायचंच असेल तर त्यात इतिहास भरपूर आहे. फलटणच्या निंबाळकरांच्या सईबाई भोसल्यांकडे आल्या आणि पुढे महाराजांची मुलगी सखूबाई निंबाळकरांच्या महादजींना दिली. शिर्क्यांच्या येसूबाई संभाजीराजांना केल्या आणि महाराजांची मुलगी राजकुंवर शिर्क्यांच्या गणोजींना दिली. आपण ज्याला साटंलोटं म्हणतो तेच, फक्त त्याच्या दोन्ही टोकांना वतनं, किल्ले आणि घोडदळ होतं. जून १६७४च्या राज्याभिषेकाआधी रायगडावर महाराजांची मुंज झाली आणि आधीच लग्न झालेल्या राण्यांशी समंत्रक विवाह पुन्हा लावले गेले, कारण अभिषेकाच्या विधीला ते लागत होतं. राजाचं लग्न हे राज्यकारभाराचं काम होतं ते असं. पेशव्यांकडेही वेगळं नव्हतं. बाजीरावाची एक बहीण, अनूबाई, इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे, तर दुसरी, भिऊबाई, बारामतीच्या नाईक-जोशी सावकारांकडे. मुलगा नानासाहेब याला बायको केली ती रास्त्यांची, तेही सावकारच. फौज एका सोयरिकीतून आणि कर्ज दुसरीतून.

हे सगळं सांगायचं कारण, पॅकेजवाले आता स्वागतकक्षात ‘इतिहास स्टँडी’ही लावून देतात आणि त्यावर फॉरवर्डमधून उचललेला मजकूर असतो. छापण्याआधी मजकूर मागून घ्या, निदान सनावळी तपासा. ठाण्यातल्या लग्नात लावण्याजोगी खरी गोष्ट तर हाताशी आहे. पोर्तुगालची कॅथरिन आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स यांच्या लग्नाचा करार १६६१मध्ये झाला आणि मुंबई बेट हुंड्यात गेलं. इंग्रजांचं म्हणणं, साष्टी (मुंबईच्या उत्तरेचं बेट) आणि ठाणंही त्यातच आलं. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय म्हणाला, आम्ही फक्त मुंबई दिली. बेट हातात पडायलाच १६६५ उजाडलं आणि १६६८मध्ये राजानं ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकलं. ठाणं हुंड्यातून वाचलं ते वाचलंच. मराठ्यांनी १७३७मध्ये घेतलं, इंग्रजांनी १७७४च्या अखेरीस लढून घेतलं. नवरी मुंबईची आणि नवरा ठाण्याचा असेल तर विहिणींच्या थट्टेला एवढा ऐवज पुरेसा आहे.

खलित्याच्या पत्रिका छान दिसतात, त्यांचा दर्जाही सुधारलाय. मखमली थैलीत कागदाची गुंडाळी, वर मोडीत, म्हणजे जुन्या मराठी लिपीत, मजकूर. पण मोडी बहुधा फॉन्ट बदलून काढलेली असते. देवनागरी मजकूर निवडला, फॉन्ट मोडी केला, झालं. खऱ्या मोडीत ओळ आधी आखून घेतात, अक्षरं तिच्यावर लटकतात आणि शब्द सुटे करत नाहीत. छापील खलित्यात शब्दाशब्दांत मोकळी जागा दिसली की जाणकार हसतो. मोडी शिकलेल्या कोणाकडून चार ओळी हातानं लिहून घ्या आणि त्याच स्कॅन करून छापा. तारीख, वेळ आणि हॉलचा पत्ता मात्र देवनागरीतच असू द्या, नाहीतर मंडळी मानपाड्याऐवजी माजिवड्याला उतरतील.

स्टेजवरचं सिंहासन फायबरचं, वर सोनेरी स्प्रे. अडचण रंगाची आहे. एक पांढरा रुमाल ओला करून सिंहासनाच्या हातावर घासा. सोनेरी डाग आला तर तोच डाग घामेजलेल्या पैठणीच्या पाठीवर येणार, आणि जरीच्या साडीवरून तो निघत नाही. पाठ सहा-सात फूट उंच असल्यानं मागची फुलांची सजावट, जिचे तुम्ही वेगळे पैसे दिलेत, ती झाकली जाते. गालिच्याखालची फळी पोकळ असेल तर पाय डुगडुगतात. खाली अखंड प्लायवूड मागा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाची प्रतिकृती सेट म्हणून मिळते. मूळ दाराला हत्तींची धडक थोपवायला खिळे आहेत, प्रतिकृतीचे खिळे साड्यांचे पदर पकडतात. दार स्टेजच्या मागे असू द्या, वाटेत नको. थर्माकोलवर राज्यात २०१८पासून बंदी आहे, तरी कमानी त्याच्याच येतात. विचारून घ्या.

पालखी घ्यावी का, हे हॉल कितव्या मजल्यावर आहे त्यावर ठरतं. दांडी दहा-बारा फुटांची, हॉलची लिफ्ट त्याच्या निम्मीही खोल नसते, आणि जिन्याच्या वळणावर दांडी भिंतीला अडते. तळमजल्याच्या लॉनवर पालखी झकास, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर ती गेटपासून लिफ्टपर्यंतचीच करमणूक. भोई चार नकोत, सहा हवेत. बदली माणूस नसला की एकाचा खांदा खाली येतो आणि नवरी एका बाजूला कलते. सगळे भोई साधारण एका उंचीचे मागा. हे विनोदी वाटेल, पण कलण्याचं मुख्य कारण तेच असतं. बसल्यावर वरच्या छताला खोपा लागतो का, तेही आधी बघायचं.

मशाली खऱ्या असतील तर फक्त उघड्यावर, मंडपाच्या कापडापासून लांब आणि शेजारी पाण्याची बादली ठेवून. हॉलमध्ये एलईडीच्याच. धुराच्या मशीनचं सांगायचं तर, तिचा धूर आणि आगीचा धूर यांतला फरक छतावरच्या स्मोक डिटेक्टरला कळत नाही. मंगलाष्टकांत आगीची घंटा वाजली की हॉलचा मॅनेजर धावत येतो आणि नुकसानभरपाईची रक्कम कापली जाते. तलवार घ्याल तर बोथट, मुलाम्याची. शस्त्रबंदीचे आदेश पोलीस आयुक्तालयाकडून अधूनमधून निघत असतात, खरी तलवार रस्त्यावरच्या वरातीत काढू नये.

सनई-चौघडा मात्र आवर्जून जिवंत घ्या. कपडे सोडले तर या सगळ्या थाटात शोभेला आणि पैशाला जागणारी हीच एक गोष्ट आहे. पेनड्राइव्हवरची सनई तीच तीच वाजत राहते. वाजवणारा माणूस पाहुणे आले की चढवतो, अक्षतांच्या वेळी थांबतो. तुतारीचे सूर मोजकेच, त्यामुळे ती तीनदाच वाजावी: सीमांतपूजनाला मुलाकडचे दारात आले की, नवरी बोहल्याकडे निघाली की आणि अंतरपाट दूर झाला की. एकच तुतारीवाला असेल तर दम लागून सूर फाटतो, दोघं ठेवा. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, हा नियम शाही लग्नालाही आहे. संध्याकाळच्या लग्नात ढोल-ताशे वरातीच्या सुरुवातीला ठेवा, शेवटाला नको.

रिसेप्शनला ‘ब्रिटिश रॉयल’ गाऊन देणारी दुकानं वाशी-सानपाड्याकडे जास्त. पांढऱ्या गाऊनची फॅशन १८४०च्या व्हिक्टोरियाच्या लग्नानंतर बळावली. गाऊन निवडताना आठवावी ती डायना. २९ जुलै १९८१ला जगभरात अंदाजे ७५ कोटी लोक टीव्हीसमोर बसलेले, आणि ती बग्गीतून उतरली तेव्हा सिल्क टॅफेटाचा गाऊन चुरगळलेला होता, मागे २५ फुटांचा घोळ. टॅफेटा दाबून ठेवला की चुण्या धरतो आणि नुसत्या हातानं त्या जात नाहीत. कापूरबावडीच्या सिग्नलला अर्धा तास गाडीत दाबून बसलं की तीच गत. साटीन किंवा क्रेप घ्या, घोळ चार-पाच फुटांच्या वर नको, आणि गाऊन हॉलच्या खोलीत जाऊनच घाला. स्टीमर कोण आणणार तेही ठरवा.

लोकांना राजांच्या लग्नाचं एवढं वेड का, याचं उत्तर १९४७मध्ये सापडतं. राजकन्या (पुढे राणी) एलिझाबेथच्या लग्नात इंग्लंडमध्ये कापडाचं रेशनिंग चालू होतं. अनोळखी बायांनी आपापली कपड्यांची कूपनं तिच्या गाऊनसाठी पोस्टानं धाडली, आणि कूपन दुसऱ्याला देणं बेकायदा असल्यामुळे ती परत पाठवावी लागली. लोकांना नुसतं बघायचं नसतं, त्या लग्नात आपलंही काहीतरी लागलेलं हवं असतं. पॅकेजची एंट्री नेमकी इथे फसते. भाड्याचे मावळे, भाड्याचे चोपदार, घरचे सगळे बाजूला मोबाइल धरून उभे. अब्दागिरी भाचे-पुतण्यांच्या हातात द्या. फार जड नसते, दहावीतलं पोर सहज धरतं, पैसे वाचतात आणि फोटोत ओळखीचे चेहरे येतात.

आणि ती यादी. १७८३मध्ये सवाई माधवरावाचं लग्न थत्त्यांच्या रमाबाईंशी झालं तेव्हा नवरा नऊ वर्षांचाही नव्हता. सगळा कारभार नाना फडणवीसाच्या हातात, आणि त्यानं कामांची तपशीलवार यादी करून ती माणसामाणसाला नेमून दिली होती. सिंहासनापेक्षा हे उचला. कागदावर चार रकाने आखा: काम, माणूस, वेळ, आणि तो माणूस अडकला तर दुसरा कोण. मुलाकडच्या व्याह्यांना सामोरं कोण जाणार, भटजींच्या सामानाची पिशवी कोणाकडे, आहेराची नोंद कोण करणार, पहिल्या पंगतीला कोण बसणार, फेटा न बांधता बसलेल्या मामांना कोण पकडून नेणार. मानपानाची भांडणं याच जागांवर उद्भवतात. एंट्रीला यादीत पंधरा मिनिटं द्या आणि मुहूर्ताच्या निदान अर्धा तास आधी संपवा, कारण पालखी, तुतारी आणि फोटोग्राफर तिघं मिळून पंधराची पंचवीस करतातच.

नवी मुंबईत लग्न आणि सामान ठाण्याचं, असं असेल तर टेम्पो कळवा-विटाव्यानं येणार की ऐरोलीकडून, हे पावसाळी मुहूर्तांना नक्की विचारा. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की सेट तिथेच अडकतो. अनामत परत मिळवताना भांडण होतं ते दागिन्यांवरून. सामान ताब्यात घेताना नथ, बाजूबंद, तन्मणी, शिरपेच यांचा एका चादरीवर मांडून एकच फोटो काढा, तुटके खडे जवळून टिपा, आणि त्याच रात्री हॉल सोडण्याआधी दुकानाच्या माणसासमोर तशीच मांडणी करून मोजून परत द्या. सकाळी नेतो म्हणाला तर नाही म्हणा.